लांबचा पल्ला, जवळचा फाटा

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला पी. अँड ओ. कंपनीची टपालबोट लागली, की तिच्यातून उतरणाऱ्या गोऱ्या साहेबाला शहरात पाऊल टाकण्याचीही गरज पडत नसे. धक्क्यालगतच्या मोल स्थानकावर आगगाडी उभीच असे. साउदॅम्प्टनला बोटीत चढताना काढलेल्या तिकिटातच पुढचा रेल्वेप्रवासही धरलेला असे. तेरा दिवस समुद्रावर काढून आलेला साहेब बोटीतून उतरे, डब्यात चढे आणि पेशावरच्या वाटेला लागे. ही गाडी म्हणजे ‘पंजाब लिमिटेड’, आजची पंजाब मेल. जी. आय. पी. रेल्वेची ही गाडी 1 जून 1912 रोजी सुरू झाली असे मध्य रेल्वे मानते. थळघाट चढून मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत ती उत्तरेकडे वळत असे. म्हणजे इंग्लंडहून पेशावरला जाणाऱ्या माणसाच्या एका तिकिटात आपला खानदेश आडवा पसरलेला होता. आज त्याच जळगावहून कुणाला लंडनला किंवा न्यू यॉर्कला जायचे असेल, तर बहुतेक वेळा तो रात्रीची गाडी पकडतो, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरतो, टॅक्सीत बॅगा टाकतो आणि सहारचा विमानतळ गाठतो. रेल्वेचे तिकीट वेगळे, विमानाचे वेगळे. गाडी रखडली आणि विमान सुटले, तर रेल्वेही हात वर करते आणि विमान कंपनीही. शंभर वर्षांत वाहने कितीतरी वेगवान झाली, पण तिकिटाचे मात्र दोन तुकडे झाले. ते का झाले, याचे उत्तर शोधू गेल्यास विमान कंपन्यांच्या वाढीचे एक गणित हाती लागते.

लांब पल्ल्याच्या विमानसेवेचा इतिहास सहसा विमानांच्या नावांनी सांगितला जातो: कॉन्स्टेलेशन आले, मग बोइंग 707 आले, मग जम्बो जेट आले. विमान मोठे झाले आणि म्हणून कंपनी वाढली, असा त्याचा सूर असतो. हा इतिहास अर्धवट आहे असे मला वाटते. तीनशे-चारशे आसनांचे विमान रोज एका खंडातून दुसऱ्या खंडात न्यायचे, तर ते रोज भरावे लागते, आणि कोणतेही एक शहर, मग ते मुंबई का असेना, अशी विमाने एकट्याच्या जोरावर भरू शकत नाही. ती आजूबाजूच्या लहान गावांहून येणाऱ्या प्रवाशांनी भरतात. लांबचा पल्ला फाट्यांवर जगतो, आणि सगळे फाटे जिथे एकत्र येतात ते जंक्शन ज्याच्या हातात, त्याच्याच हातात अखेर समुद्रापलीकडचा धंदाही जातो. हे गणित विमानांच्या आधी आगगाड्यांनी सोडवले होते, आणि ते जिथे सोडवले गेले त्यातले एक ठिकाण आपल्या अगदी जवळचे आहे.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा जी. आय. पी. कंपनीचे डोळे ठाण्यावर नव्हते. तिला वऱ्हाड-खानदेशाचा कापूस हवा होता. त्याआधी खानदेशी कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरत मुंबईला जाई, वाटेत धूळ खाई, पावसात भिजे आणि कित्येक आठवड्यांनी बंदरावर पोचे. लँकेशायरच्या गिरण्यांना असा माल भरवशाचा वाटत नसे. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आले आणि नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकी कापूस थांबताच मँचेस्टरची नजर हिंदुस्थानाकडे वळली. जळगाव ही कापसाची बडी पेठ झाली, आणि 1865 मध्ये युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा तिलाच मोठा फटका बसला. दोन खंडांच्या व्यवहाराशी एखादा फाटा जोडला गेला की भरभराट आणि घसरण दोन्ही दूरवरून येतात, हा धडा खानदेशाने तेव्हाच घेतला. पुढे 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि 1870 च्या मार्चमध्ये जबलपूरला जी. आय. पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जोडल्या गेल्या. मुंबई आणि कलकत्ता एका लोहमार्गावर आली. ऐंशी दिवसांत जगाची फेरी करणाऱ्या फिलिअस फॉगची जूल व्हर्नने लिहिलेली कादंबरी याच घडामोडींच्या पाठोपाठ आली. तिचा नायक आगगाडीने खानदेश ओलांडून बऱ्हाणपूरला थांबतो, हा काही योगायोग नाही. जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या घाईतल्या माणसाचा रस्ताच तो होता.

या रस्त्यावर भुसावळचे स्थान काय होते, ते नीट पाहायला हवे. भुसावळ हे काही जुने राजधानीचे शहर नव्हे, तीर्थक्षेत्र नव्हे, मोठी बाजारपेठही नव्हे. एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडवा-इटारसीकडे, असे दोन मार्ग तिथे फुटले, आणि एवढ्यावर ते गाव देशाच्या नकाशावर आले. कारखाना, यार्ड, रेल्वेच्या वसाहती, पुढे विभागाचे मुख्य ठिकाण, हे सारे त्या दोन फाट्यांमुळे आले. भुसावळला मुक्काम असणारे प्रवासी थोडे आणि भुसावळवरून पुढे जाणारे हजारो. जंक्शन स्वतःच्या लोकसंख्येवर जगत नाही, ते दुसऱ्यांच्या वाटेवर जगते. मग या मोठ्या मार्गाला आणखी लहान फाटे फुटले. 1900 च्या सुमारास चाळीसगावहून धुळ्यापर्यंत रूळ आले आणि ताप्ती खोऱ्यातून सुरतेच्या बाजूने अमळनेर-जळगावकडे दुसरा मार्ग आला. पाचोऱ्याहून जामनेरला अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. जामनेरचा कापूस पाचोऱ्याला, पाचोऱ्याचा मुंबईला आणि मुंबईचा लिव्हरपूलला, अशी ही उतरंड होती. तिच्यातला सगळ्यात लहान डबा आणि सगळ्यात मोठे जहाज एकाच व्यवहाराचे भाग होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हा फाटा म्हणजे शोषणाची नळी होती, असे म्हणता येईल. कंपनीचे मालक लंडनला, कापूस बाहेर आणि तयार कापड आत, आणि बंदराकडे जाणाऱ्या मालाला स्वस्त दर, असा तो खेळ होता. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या औद्योगिक आयोगापुढेही रेल्वेच्या या बंदरधार्जिण्या दरांची तक्रार झाली होती. त्यातच भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती आणि ती भरली जात होती इथल्या रयतेच्या करातून. हे सगळे खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच रुळांच्या आधाराने 1870 च्या दशकात जळगावला मुळजी जेठा यांच्या कंपनीची कापड गिरणी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल आली, हेही तितकेच खरे. फाटा कुणाच्या मालकीचा आणि त्यावरून काय वाहते, हे ठरवणारे बदलले की त्याच फाट्याचा अर्थ बदलतो. मात्र फाटाच नसेल तर ठरवण्यासारखे काही उरत नाही. आणि हमीच्या गोष्टीतून आणखी एक शिकण्यासारखे आहे. लांबचा मार्ग चालवणाऱ्याला फाट्याचा नफा लवकर दिसत नाही, म्हणून कुणाला तरी बरीच वर्षे तोटा सोसावा लागतो. इंग्रजांनी तो दुसऱ्याच्या खिशातून सोसला, पण सोसण्याची मुदत मात्र त्यांनी दशकांत मोजली होती.

आता विमानाकडे वळू. 1929 मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची विमानसेवा सुरू केली. टपाल कराचीपर्यंत काही दिवसांत येई आणि तिथून पुढे मुंबई-मद्रासला जायला आगगाडीच्या गतीने रेंगाळे. ही फट टाटांच्या लोकांनी हेरली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेकडे आपण भारतीय विमानसेवेचा जन्म म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण जन्माला आले ते नेमके काय होते? ती एक फाट्याची सेवा होती. लंडनहून आलेली टपालाची पिशवी कराचीच्या जंक्शनवर उचलून पुढच्या गावांना पोचवणारी. ज्या कंपनीची पुढे एअर इंडिया झाली, ती आधी दुसऱ्याच्या लांब पल्ल्याचा जामनेर फाटा होती. आपला पल्ला लांबवण्याआधी तिने सोळा वर्षे जवळचे मार्ग बांधले, आणि म्हणूनच तो तिला लांबवता आला.

8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. एअर इंडिया इंटरनॅशनल ही त्यासाठी काढलेली कंपनी सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली होती. 1950 मध्ये नैरोबी जोडले गेले, 1960 मध्ये बोइंग 707 घेऊन कंपनी न्यू यॉर्कला पोचली, आणि 1971 मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो आले. नाव मोठे झाले. पण दरम्यान 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि एकाऐवजी दोन महामंडळे निघाली. परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे गेली. लांबचा पल्ला एका घरात आणि सगळे फाटे दुसऱ्या घरात. दोघांची विमाने वेगळी, वेळापत्रके वेगळी, मुंबईत विमानतळाच्या इमारतीही पुढे वेगळ्या झाल्या. नागपूरहून किंवा औरंगाबादहून सांताक्रूझला आलेल्या प्रवाशाने स्वतःचे सामान उचलून सहारला न्यायचे आणि तिथे नव्याने रांगेत उभे राहायचे, अशी व्यवस्था झाली. बॅलार्ड पिअरवर जी गोष्ट 1912 मध्ये जमली होती, ती आपण कायद्याने मोडली.

या विभागणीचे समर्थन करणारे म्हणतील, की तेव्हा देशात विमानाने फिरणारे होते तरी किती? परदेशी उड्डाणांचा दर्जा देशातल्या गर्दीपासून आणि राजकीय मागण्यांपासून दूर ठेवला म्हणूनच एअर इंडिया साठीच्या दशकात जगातल्या नावाजलेल्या कंपन्यांत गणली गेली. यात बरेच तथ्य आहे. 1953 च्या परिस्थितीत तो निर्णय चुकीचा होता असे म्हणणे कठीण आहे. चूक झाली ती तो निर्णय चोपन्न वर्षे टिकवण्यात. कारण या काळात पश्चिमेला समुद्रापलीकडे कुणीतरी भुसावळचे गणित नव्याने मांडत होते. 1985 मध्ये एमिरेट्सने पहिली उड्डाणे केली ती कराची आणि मुंबईला. दुबईची स्वतःची लोकसंख्या इतकी कमी, की तिच्या भरवशावर कुणी जम्बो भरू शकले नसते. पण एका बाजूला युरोप-अमेरिका, दुसऱ्या बाजूला भारत आणि मधोमध दुबई. दोन्हीकडच्या गावांहून विमाने आणायची, दोन-तीन तासांच्या आत सगळी एकमेकांना भेटवायची आणि पुन्हा पांगवायची. प्रवाशाच्या हातात तिकीट एक, बॅगेवर चिठ्ठी एक. दुबईला मुक्काम असणारे थोडे आणि दुबईवरून पुढे जाणारे लाखो. याला भुसावळ म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? भारतातल्या शहराशहरांतून प्रवासी गोळा करणारे हे जंक्शन उभे राहिले तेव्हा आपल्या देशी लांब पल्ल्याच्या कंपनीकडे स्वतःचा म्हणावा असा फाटाच नव्हता.

2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या आणि त्यानंतर कंपनी तोट्यात बुडत गेली. तेव्हा फाटे जोडून काय साधले, असे कुणी विचारील. पण कागदावरचे विलीनीकरण म्हणजे जोडलेला फाटा नव्हे. एका कोडखाली सगळी उड्डाणे आणायलाच 2011 उजाडले. दोन कंपन्यांचे दोन प्रकारचे वैमानिक, दोन वेतनश्रेण्या आणि त्याआधीच नोंदवलेल्या शंभराहून अधिक विमानांच्या खरेदीचे कर्ज, हे सगळे डोक्यावर घेऊन ही जोडणी झाली. फाटा उशिरा जोडला तर त्याची किंमत दुप्पट पडते, एवढेच यातून सिद्ध होते. उलट उदाहरणही ताजेच आहे. इंडिगोने 2006 पासून जवळपास दोन दशके देशांतर्गत मार्गांचे जाळे विणले आणि मग 2025 च्या जुलैमध्ये मोठी विमाने घेऊन युरोपकडे झेप घेतली. त्यातले पहिले उड्डाण मुंबईहून मँचेस्टरला गेले, जिथे कधीकाळी खानदेशचा कापूस जात होता. आधी फाटे आणि मग पल्ला, हा क्रम टाटांनी 1932 मध्ये पाळला होता आणि तोच इथेही दिसतो.

मग या सगळ्यात आजचा खानदेश कुठे आहे? जळगावच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन 23 मार्च 2012 रोजी, याच जिल्ह्यात जन्मलेल्या तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्यानंतर पावणेसहा वर्षे धावपट्टी नियमित प्रवासी विमानाची वाट पाहत पडून होती. 23 डिसेंबर 2017 रोजी उडान योजनेखाली एअर डेक्कनचे मुंबईचे विमान सुरू झाले. ते बीचक्राफ्ट 1900 जातीचे, जेमतेम एकोणीस आसनांचे होते. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी. ही सेवा बंद पडली. 2019 मध्ये ट्रूजेट आली, तीही 2022 मध्ये थांबली. 2024 मध्ये फ्लाय 91 ने गोवा, हैदराबाद आणि पुण्याची, तर अलायन्स एअरने मुंबईची सेवा सुरू केली. उडान योजनेत सरकार तोट्याची भरपाई देते, पण ती तीन वर्षांपुरती. रेल्वेला दिलेल्या हमीशी ही मुदत ताडून पाहिली की विमाने का येतात आणि का जातात, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात मुंबईच्या धावपट्टीची अडचण आहे. सत्तर आसनांच्या विमानाला उतरायला जेवढी वेळेची जागा लागते, जवळजवळ तेवढीच तीनशे आसनांच्या विमानालाही लागते. जागा मोजकी असेल तर लहान विमानालाच बाजूला सारले जाते. जंक्शनच फाट्याला दाराबाहेर उभे करते.

आणि 1953 ची विभागणी आपण पुन्हा केली आहे. 2022 च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत गेली, पण लहान गावांना जोडणारी अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ती स्वतंत्र कंपनी म्हणून उडू लागली. एअर इंडियाने 2023 मध्ये चारशे सत्तर विमानांची मागणी नोंदवली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. पण जळगावहून मुंबईला येणारे विमान आणि मुंबईहून पुढे न्यू यॉर्कला जाणारे विमान पुन्हा दोन वेगळ्या मालकांचे झाले आहे. कुणी म्हणेल, जळगाव-धुळ्याहून परदेशी जाणारे असे किती? एका गावाकडे पाहिले तर थोडे. पण जामनेरच्या एका डब्याकडे पाहूनही लिव्हरपूलचे जहाज भरेल असे कुणाला वाटले नसते. कुणी असेही म्हणेल, की आता विमाने सोळा-सोळा तास न थांबता उडतात, मधल्या जंक्शनची गरजच संपली. गरज संपली ती दुबईसारख्या मधल्या थांब्याची, आणि तीही काही प्रवाशांपुरती. न थांबता उडणारे विमानही कुठून तरी निघते आणि त्याला भरणारे प्रवासी त्या ठिकाणी कुठून तरी यावेच लागतात. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. तिथे नव्या जागा वाटताना लहान गावांच्या विमानांसाठी सकाळ-रात्रीच्या सोयीच्या वेळा कायमच्या राखून ठेवाव्यात, भरपाईची मुदत तीन वर्षांवरून वाढवावी आणि तिकीट एकच असण्याची अट घालावी. सध्यापुरती एवढी मागणी खानदेशाने लावून धरायला हरकत नाही.

खानदेश या धंद्याला अजूनही बरेच काही देतो आहे. 1929 मध्ये जे. आर. डी. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकले, त्याच क्लबचे वैमानिक प्रशिक्षण धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर चालत आले आहे. 2021 मध्ये नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले गेले, त्यांत जळगाव होते. रावेर, यावलच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी त्या मानांकनासह दुबईला गेली. ती जाते जहाजाने, तेरा-चौदा अंश तापमानाच्या पेटीत. शेताजवळ एकदा भरली की माल वाटेत उतरवून पुन्हा भरावा लागत नाही. खानदेशच्या केळीला समुद्रापार एकच पेटी मिळते आणि 1912 च्या साहेबाला खानदेशावरून जाताना एकच तिकीट मिळत होते. जळगाव स्थानकाच्या खिडकीवर न्यू यॉर्कचे तिकीट मात्र आजही मिळत नाही.